कान नसलेली टेप

१

धाकटा दारात येऊन उभा राहिला तेव्हा सर्व्हेअर स्टुलावर चढून माळ्यावर खोकी सरकवत होते.

खोकी आदल्या दिवशी नवराबायकोनं मिळून भरली होती. तिला कारखान्यातून अचानक सुट्टी मिळाली होती, आणि सुट्टी मिळाली की घर उलटंपालटं केल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. जुने स्वेटर, लेकीची शाळेची पुस्तकं, न लागणारी भांडी, सगळं खोक्यांत गेलं. ते झाकण दाबून धरायचे, ती टेप लावायची आणि दर वेळी टेपचं टोक दुमडून त्याचा छोटासा कान काढून ठेवायची. सर्व्हेअरांनी तिला चिडवलंही होतं. खोकं माळ्यावर जाणार, वर्षानुवर्षं कुणी हात लावणार नाही, कान कुणासाठी?

"जो उघडेल त्याच्यासाठी," ती म्हणाली होती. "तुम्हीच असाल. नखं खुपसत बसाल आणि मला हाका माराल."

धाकटा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी आली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो तिच्याच कारखान्यात होता. भर दुपारी तो कामाच्या कपड्यांत आला होता आणि हातमोजे काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"भाऊजी, खाली उतरा," तो म्हणाला. "आधी खाली उतरा."

सर्व्हेअर उतरले नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी विमा कंपन्यांसाठी आगीच्या जागा तपासल्या होत्या. कुठे लागली, कशानं लागली, कुणी लावली. माणसाला आधी खाली बसवून मग काय सांगतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

कारखान्याच्या गोदामाला आग लागली होती आणि ती आत होती. भाजली फारशी नव्हती, धुरानं गेली. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या नर्सनं एक प्लॅस्टिकची पिशवी त्यांच्या हातात दिली. तिच्यात चष्मा होता, घराची किल्ली होती आणि ॲप्रनच्या खिशात सापडलेलं लाल टेपचं रीळ होतं, एका बाजूनं वितळून चपटं झालेलं.

संध्याकाळ व्हायच्या आत इस्पितळाच्या आवारात बोललं जाऊ लागलं होतं. कारखान्याचा मॅनेजर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, की फार गुणी बाई, पण चूक तिचीच झाली. जिवंत बॅटरी मेलेली समजून तिनंच गोदामात ठेवली.

सर्व्हेअरांनी ते ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आगीविषयी एकही प्रश्न विचारावासा वाटला नाही.

२

पाहुणे पांगले, शेजारच्यांचं येणंजाणं कमी झालं, तेव्हा धाकटा एक खोकं आणि एक कागद घेऊन आला.

खोक्यात तिच्या कारखान्यातल्या कपाटातलं सामान होतं. तिच्या वस्तूंना परक्यानं हात लावू नये म्हणून धाकट्यानं ते स्वतः भरलं होतं. सर्व्हेअर उघडायला बसले. टेपच्या कडेवर नख फिरवलं, दुसरं नख फिरवलं, कड काही सापडेना. त्यांनी मान वळवली आणि हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. लेकीनं स्वयंपाकघरातून सुरी आणून दिली. आत डबा, चपला, कंगवा आणि स्वेटर.

कागद एका पानाचा होता. मृत कर्मचाऱ्याकडून अनवधानाने चूक झाली, कुटुंबाला हे मान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहीची जागा.

"सही करा भाऊजी, विषय संपवा," धाकटा म्हणाला. "नियामक कार्यालयाचा आगीवरचा अहवाल यायचाय. चौकशी लांबली की तिचं नाव चार ठिकाणी फिरणार. कशाला?"

त्याचे डोळे रडून सुजले होते. अंत्यविधीलाही सगळ्यांत जास्त तोच रडला होता. लेक त्याच्या शेजारी बसली होती. लहानपणी ती याच मामाच्या खांद्यावर बसून सगळीकडे फिरली होती आणि आताही रात्री झोप आली नाही की फोन मामालाच करायची. पण कागद वाचून झाल्यावर तिनं विचारलं ते वडलांना.

"आईचीच चूक होती का, बाबा?"

आता या घरात सर्व्हेअर म्हणवणारा माणूस एकच होता.

"बघून सांगतो," ते म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी तो चष्म्याच्या घराखाली ठेवला.

धाकटा गेल्यावर त्यांनी इस्पितळाची पिशवी पुन्हा उघडली. तिचं काम त्यांना तोंडपाठ होतं, रोज जेवताना ऐकून. कारखाना मोडीचा. एका बाजूला छपरांवरून उतरवलेल्या सोलर पॅनलची काच आणि पत्रा वेगळा करायचे. तो विभाग धाकट्याकडे. दुसऱ्या बाजूला विजेच्या स्कूटरच्या दमलेल्या बॅटऱ्या यायच्या, तिथं ती. बॅटरी मोडायच्या आधी तिच्यातली उरलीसुरली वीज काढून टाकावी लागते. ती बॅटरीला जुन्या बल्बांच्या फळीला जोडायची. बल्ब आधी लख्ख, मग पिवळे, मग आत नुसती लाल तार, मग काहीच नाही. मग मीटर लावून खात्री करायची आणि दोन्ही टर्मिनलांवर, म्हणजे तारा जोडायच्या टोकांवर, पांढरी टेप लावायची. पांढरी म्हणजे मेली, न्या गोदामात. लाल म्हणजे अजून जिवंत, तिला गोदामात जागा नाही.

लाल टेपचं काम बल्बांच्या फळीपाशी. गोदामात तिचं काय काम?

मग ती ते रीळ खिशात घालून तिथं काय करत होती?

३

कारखान्याला जायची बस मागच्या गल्लीत थांबायची. गल्लीत एका बाजूला कारखान्याची भिंत, पॅनल विभागाचं मोठं फाटक, आणि बरोबर समोर भाड्यानं स्कूटर देणाऱ्याचं दुकान. दुकानापुढे विजेच्या स्कूटर ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांच्या सीटा वर उचललेल्या, वर धूळ. सर्व्हेअरांचे गुडघे दुखत होते. परतताना बसची वाट बघण्यापेक्षा एक स्कूटर मिळेल का, म्हणून त्यांनी विचारलं.

"नाहीत," दुकानदार म्हणाला.

"एवढ्या उभ्या आहेत की."

"उभ्याच आहेत. चालायला बॅटऱ्या लागतात."

"कुठे गेल्या बॅटऱ्या?"

दुकानदारानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग यांच्याकडे. सर्व्हिसिंगला दिल्यात, असं काहीसं पुटपुटला आणि भर दिवसा शटर अर्धं ओढून आत गेला. माणसं उद्धट असायचीच, म्हणून सर्व्हेअर पुढे चालू लागले.

मॅनेजरनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. सांत्वन असं करत होता, जणू पाठ केलंय. मग मुद्द्यावर आला. दुर्दैव असं की आगीच्याच दिवशी सकाळी नियामक कार्यालयाची तपासणी झाली होती आणि ती फार छान झाली होती. अधिकारी खूष होऊन गेला. फळ्या भरलेल्या, माल नीट रचलेला.

इथं नियम समजून घ्यायला हवा, म्हणजे पुढचं कळेल. जी कंपनी नव्या बॅटऱ्या विकते तिनं तेवढ्याच वजनाच्या जुन्या बॅटऱ्या मोडीत निघाल्याचा दाखला सरकारला दाखवायचा. दाखला असला कारखाना देतो. आणि कारखान्यानं जेवढ्याचा दाखला दिला तेवढा माल त्याच्याकडे खरोखर आला का, हे बघायला कार्यालयाचा माणूस येतो. आधी पत्र पाठवून येतो.

"तो बॅटऱ्यांना मीटर लावून बघतो का?" सर्व्हेअरांनी विचारलं.

"त्याची गरज नसते," मॅनेजर म्हणाला. "पांढरी टेप असते ना. तो वजन बघतो."

बॅटरी विभागाचा मुकादम मॅनेजरइतका गोड नव्हता. आग त्याच्या विभागात लागली म्हणून त्याला घरी बसवायचं चाललं होतं, आणि आता मयताचा नवरा आला म्हणजे आणखी कुणीतरी बोट दाखवायला आला, असं तो धरून चालला होता.

"दाखवा, तुम्ही पण दाखवा बोट," तो म्हणाला. "मी काय म्हणतो, मी आदल्या दिवशी इथं होतो कुठे? मला सुट्टी. ताईंना सुट्टी. सगळ्या कारखान्याला सुट्टी. मला सांगा, तपासणीच्या आदल्या दिवशी कुणी सुट्टी देतं का? एरवी आम्ही त्या दिवशी फरशा घासत असतो."

"सुट्टी दिली कुणी?"

"वरून आली. वरचं काय आम्हाला सांगून येतं?"

गोदाम बघू द्या, असं सर्व्हेअर म्हणाले. मुकादमानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बहुधा त्याला मॅनेजरचा राग जास्त होता. दाराशी त्यानं पत्र्याचा डबा पुढे केला आणि खिशातल्या किल्ल्या, नेलकटर, जे धातूचं असेल ते त्यात टाकायला लावलं.

"राख झाली तरी नियम नियम," तो म्हणाला. "इथं चाकू, कात्री, ब्लेड काही चालत नाही. कुणाचं पातं दोन टर्मिनलांना टेकलं तर खेळ खलास. टेपसुद्धा आम्ही हातानं तोडतो. नाहीतर दातानं."

मग त्यानं दार ढकललं. गोदामाचा दाराजवळचा कोपरा आगीनं सोडून दिला होता. तिथल्या फळीवर बॅटऱ्या होत्या तशाच रचलेल्या होत्या, आणि त्यांतल्या काहींवर टेप लाल होती.

४

"लाल कशी?" मुकादम म्हणाला. त्यानंही बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं. "लाल इथं येतच नाही."

सर्व्हेअर खाली बसले. जळलेल्या जागेत शिरलं की त्यांचे पाय आपोआप सावकाश पडत, नजर आपोआप खालून वर जाई. त्यांनी आधी जळालेल्या बाजूकडे पाहिलं. आग तळाच्या थरात सुरू झाली होती. मेलेल्या बॅटऱ्या आडव्या करून एकावर एक रचतात, त्यांचं काही बिघडत नाही. जिवंत बॅटरी अशी वजनाखाली दाबून ठेवायची नसते. एक दबली होती, फुगली होती, फुटली होती.

मग ते वाचलेल्या फळीकडे वळले.

भिंतीलगतच्या बॅटऱ्या जुन्या होत्या. पांढरी टेप, कडा हातानं तोडलेल्या, ओबडधोबड, आणि प्रत्येक टोकाला कान. जाड रबरी मोजे घालून काम करणाऱ्याला टेपची कड सापडत नाही, मग तो पातं शोधतो, म्हणून ती कान काढायची. ती सवय कारखान्यातून घरी आणली होती, की घरची सवय कारखान्यात नेली होती, देव जाणे.

पुढच्या बॅटऱ्यांवरही पांढरी टेप होती, तसलीच, एकाच दुकानातून आलेली. पण एकीलाही कान नव्हता. टेप शेवटपर्यंत दाबून सपाट केलेली.

आणि लाल टेप होती ती याच बिनकानाच्या बॅटऱ्यांवर. पांढरीच्या वर चिकटवलेली. प्रत्येक लाल टेपला मात्र कान होता.

सर्व्हेअरांनी मुकादमाला काही सांगितलं नाही. ती शेवटी काय करत होती ते समोर जसंच्या तसं होतं. कुणीतरी बॅटऱ्या आणून, मेल्या म्हणून पांढरी टेप लावून ठेवल्या. ती आली, टोकाला कान नाही हे बघून ओळखलं की या माझ्या हातच्या नाहीत. टेपची कड खरवडून उचलली, मीटर लावलं. जिवंत निघाली, लाल टेप लावली. पुढची घेतली. एकेक करत ती दारापासून आत आत जात राहिली आणि धूर झाला तेव्हा ती आतल्या टोकाला होती.

चूक तिची नव्हती. चूक दुरुस्त करता करता ती गेली होती.

त्यांनी एका टर्मिनलवरची टेप हलकेच उचलली. वरच्या लालला कान होता म्हणून ती चटकन हाती आली, आणि तिच्यासोबत खालची पांढरीही आली. दोन्ही चिकटलेल्या तशाच त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवल्या.

तेव्हा त्यांना पांढऱ्या टेपची कड दिसली. ती हातानं तोडलेली नव्हती. दातानंही नव्हे. कड सरळ होती आणि तिला करवतीसारखे बारीक, सारखे दाते होते.

५

ज्या गोदामात कुणाला पातं नेता येत नाही, तिथल्या टेपला पात्याची कड. म्हणजे टेप तिथं लागलीच नव्हती. बॅटऱ्या दुसरीकडे टेप लावून मग गोदामात आल्या होत्या.

सर्व्हेअर घरी आले, चहा घेतला नाही, कपडे बदलले नाहीत. पलंगाखालून तिच्या सामानाचं खोकं ओढलं. त्याच्या झाकणावर सुरीनं कापलेली टेप अजून होती. ज्या टोकाशी त्यांची नखं हरली होती ते टोक त्यांनी खिडकीपाशी धरलं. चष्म्याच्या घरातली पट्टी शेजारी धरली.

दाते तेच. सारखे, बारीक. आणि दोन्हीकडे एका जागी एक दाता तुटका, तिथं कडेला जीभ काढल्यासारखा लहान तुकडा पुढे आलेला.

काचेच्या थप्प्या बांधायला जे टेपगन वापरतात, मुठीत धरायचं आणि पुढे पातं असलेलं, ते कारखान्यात फक्त पॅनल विभागात होतं. आदल्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. पॅनल विभागाची किल्ली धाकट्याच्या कमरेला असायची. आणि हे खोकं धाकट्यानं स्वतः भरलं होतं, परक्यानं हात लावू नये म्हणून.

"बाबा, काय बघताय?" लेक दारातून म्हणाली.

"काही नाही. टेप निघत नाही," ते म्हणाले आणि खोकं परत पलंगाखाली सारलं.

रात्रभर ते एकाच गोष्टीवर अडले होते. तपासणीला फळ्या भरलेल्या दाखवायच्या, हे समजलं. दाखले दिले आणि माल आलाच नव्हता, हेही समजलं. पण बाहेरून बॅटऱ्या आणल्याच, तर त्या बल्बांना लावून मारायला काय हरकत होती? कारखान्यात फळी होती, बल्ब होते. जिवंत का ठेवल्या?

सकाळी ते पुन्हा मागच्या गल्लीत उतरले आणि स्कूटरच्या ओळीकडे बघत उभे राहिले. सीटा वर केलेल्या. आत रिकामे खण. धूळ बसली होती ती आगीच्या दिवसापासूनची.

त्यांना उत्तर मिळालं. लग्नाला खुर्च्या आणतात तशा बॅटऱ्या आणल्या होत्या. एका दिवसापुरत्या, समोरच्या दुकानातून, पॅनल विभागाच्या फाटकातून. उसन्या. उसनी वस्तू जशी घेतली तशी परत करायची असते. मेलेल्या बॅटऱ्या दुकानदारानं परत घेतल्या नसत्या.

आता फळीवरच्या बॅटऱ्या कुणा तिसऱ्याला दाखवायला हव्यात, म्हणून ते मुकादमाला गाठायला आत गेले. मुकादमानं गोदामाचं दार उघडून दाखवलं. फरशी धुतलेली होती. फळ्या रिकाम्या होत्या.

"काल तुम्ही गेलात आणि हुकूम आला," मुकादम म्हणाला. "आगीतला माल ठेवणं धोक्याचं, नियमात लिहिलंय. बल्बांना लावून रात्रीतून सगळा यंत्रात घातला. मोडीत काढला म्हणून त्याचाही दाखला निघाला."

६

धाकटा पॅनल विभागात एकटाच होता. तडकलेल्या काचांच्या थप्प्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या आणि तो एका थप्पीला टेप गुंडाळत होता. सर्व्हेअर त्याच्यासमोर काचेच्या थप्पीवर बसले. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि पट्टी त्यानं नुकत्याच लावलेल्या टेपच्या टोकाशेजारी ठेवली. तुटका दाता दोन्हीकडे होता.

धाकट्यानं त्या पट्टीकडे पाहिलं. मग हातातलं टेपगन खाली ठेवलं, अगदी सावकाश, जणू ते फुटणार होतं.

आधी त्यानं हात वर केले. टेपगन कुणीही उचलू शकतं, पॅनल विभागात दहा माणसं येतात. सर्व्हेअरांनी सुट्टीचा दिवस सांगितला, किल्ली सांगितली, समोरच्या स्कूटर सांगितल्या. आवाज चढवला नाही. इतकी वर्षं लोकांच्या जळालेल्या घरांत बसून त्यांनी हेच केलं होतं, एकेक गोष्ट पुढे ठेवायची आणि थांबायचं. धाकटा थप्पीला पाठ लावून खाली बसला.

"मॅनेजर म्हणाला, करावं लागेल. नाहीतर कारखाना बंद," तो म्हणाला. "भाऊजी, तो माणूस मोजायला येतो, तपासायला नाही. अर्ध्या दिवसाचा प्रश्न होता. तो गेला की दुपारी टेंपो येणार होता, बॅटऱ्या परत जाणार होत्या. टेंपोला उशीर झाला."

"आणि हिला सुट्टी?"

"मीच मॅनेजरकडून सगळ्यांना मागून घेतली. ताई असती तर तिनं होऊच दिलं नसतं."

सुट्टीचा तो दिवस सर्व्हेअरांच्या डोळ्यांसमोर होता. तिच्या आयुष्यातला घरी काढलेला शेवटचा दिवस तिच्या भावानं मागून दिला होता. खोकी, स्वेटर, तिचं हसणं. ते सगळं या हिशेबात बसत होतं.

"एक राहिलं," ते म्हणाले. "जिवंत बॅटऱ्या बघून ती ओरडली का नाही? मुकादम बाहेर होता. हाक मारली असती तर चार माणसं आली असती. एकटी का लागली कामाला?"

धाकट्यानं मान खाली घातली.

"ती आधी माझ्याकडे आली होती," तो म्हणाला. "हातात टेपचा तुकडा होता. म्हणाली, ही तुझ्या टेपगनची कड आहे, मला काय शिकवतोस. मला वाटलं, आता मुकादमाला सांगणार. ती म्हणाली, तू गप्प बस. जिवंत कुठल्या ते मी लाल करून ठेवते, टेंपो आला की तेवढ्या उचल आणि ने. कुणाला कळायच्या आत. आणि हे पुन्हा केलंस तर मी स्वतः तुला पोलिसात देईन."

"मग तू काय केलंस?"

"मॅनेजरनं बोलावलं. अधिकाऱ्याला दिलेल्या फायली लावायच्या होत्या. मी गेलो."

"ती आत एकटी आहे हे माहीत असून."

"हो."

काचांच्या थप्पीत कुठेतरी एक तुकडा सुटून खाली सरकला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. सर्व्हेअरांनी कल्पना केली होती की हे ऐकून ते त्याच्या अंगावर धावून जातील. त्यांना नुसता थकवा आला. ती भावाला वाचवायला आत गेली होती, आणि तोच भाऊ तिच्या चुकीचा कागद घेऊन सहीला आला होता.

"तो कागद लिहिला कुणी?" त्यांनी विचारलं.

"मॅनेजरनं."

"आणलास तू."

धाकटा रडू लागला. हे रडणं खरं होतं, पहिलंही खरंच असणार. सर्व्हेअरांना त्याचं काही करता येईना.

"नियामक कार्यालयात ये आणि हेच बोल," ते म्हणाले. "अहवाल अजून कच्चा आहे. त्यातून तिचं नाव खोडता येईल."

"येतो."

"नक्की?"

"तिची शपथ, भाऊजी. फक्त पोरीला तुम्ही काही सांगू नका. तिला मी सांगतो. मामाच्या तोंडून ऐकू दे."

७

लेकीनं त्या संध्याकाळी पुन्हा विचारलं नाही. सर्व्हेअरांनी आपणहून सांगितलं.

"आईची चूक नव्हती."

ती पटकन वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं पुढचा प्रश्न विचारलाच.

"मग कुणाची?"

"ज्याची आहे तो येऊन सांगणार आहे," ते म्हणाले.

ठरल्या दिवशी सर्व्हेअर नियामक कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसले. कार्यालय उघडायच्या आधी गेले होते. लोक येत राहिले, जात राहिले. धाकट्याचा फोन आधी वाजत राहिला, नंतर बंद लागला. शेवटी अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यानंच त्यांना आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं पट्टी हातात घेऊन पाहिली, सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, ही टेप ज्या बॅटरीवर होती ती बॅटरी कुठे आहे?

मोडीत निघाली, सर्व्हेअर म्हणाले. तुमच्याच नियमानं.

टेप लावणाऱ्याचा जबाब?

येणार होता.

अधिकाऱ्यानं पट्टी परत दिली. टेपची पट्टी कुठूनही येऊ शकते, असं तो म्हणाला, आणि तसं म्हणताना त्यानं नजर टेबलावर ठेवली. सर्व्हेअरांनी त्याला आणखी एकच विचारलं. तुम्ही लोक तपासणीला मीटर घेऊन का येत नाही? अधिकारी म्हणाला, तसं नियमात नाही. नियमात वजन आहे. आणि त्या कारखान्याची पुढची तपासणी ठरली आहे, पत्र गेलं आहे.

परतताना ते मुद्दाम मागच्या गल्लीतून आले. दुकानापुढची ओळ हलली होती. स्कूटरमध्ये नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या, सीटा खाली होत्या, आणि एक जोडपं भाव करत उभं होतं. दुकानदारानं सर्व्हेअरांना ओळखलं आणि आपणहून विचारलं, हवी का? ते पायीच गेले.

घरी लेक मामाला फोन लावत होती. लागत नाही, म्हणाली. कामात असेल.

सहीचा कागद सर्व्हेअरांनी फाडला. त्यानं काही अडलं नाही, अहवाल सहीशिवायही पुरा झाला. धाकटा त्यानंतर एकदाही घरी आलेला नाही, आणि लेक अजून त्याची वाट बघते. लाल आणि पांढरी पट्टी चष्म्याच्या घरात आहे. अहवालात, आगीला जबाबदार कोण या रकान्यात, तिचं नाव आहे. ते खोडायचं राहिलं आहे.